आत्तीची पाण्याची यादी आणि २०१४ सालचा माझा चुकलेला अर्ज

मंडळी, आज थोडं लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बसा. बरेच दिवस मनात होतं, पण यात माझीच एक चूक आहे म्हणून टाळत होतो. आता वय झालं, लिहून टाकलेलं बरं.

आमचं मूळ गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीहून कणकुंबीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांना अजून त्याच गावात राहायचं आहे. मी चौथीपर्यंत तिथं शिकलो, पुढं बेळगावात आलो आणि मराठी शाळेत चौतीस वर्षं मास्तरकी करून निवृत्त झालो. घर बेळगावात, पण पाऊस पडला की मन तिकडंच जातं.

आणि पाऊस म्हणजे साधा नव्हे. आमच्या बाजूच्या आमगावला २०१० साली वर्षभरात १०,०६८ मिलिमीटर पाऊस मोजला होता. निपाणी-चिकोडीकडच्या पाहुण्यांना हे सांगितलं की ते हसायचे, मास्तर थापा मारूलालेत म्हणून. पण आमच्याकडं जूनला भिंतीला बांधलेल्या झडपा दसऱ्यापर्यंत सुटत नव्हत्या. चुलीवर घोंगडं वाळवायचं आणि ओलंच पांघरून शाळेला जायचं.

आमच्या गावामागं एक दांडा आहे. लहानपणी आत्ती मला त्या दांड्यावर घेऊन जायची. आत्ती म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी आलेली, आणि गावातली निम्मी बाळंतपणं तिच्याच हातची. ती म्हणायची, "ह्या अंगाला थुकलास तर गोव्याला जातंय, त्या अंगाला थुकलास तर सौंदत्तीच्या यल्लम्माला." पोरवयात ती गंमत वाटायची. पुढं भूगोल शिकवायला लागलो तेव्हा कळलं की आत्तीनं मला पाणलोट क्षेत्राचा पहिला धडा दिला होता. दांड्याच्या पश्चिमेचं पाणी म्हादईला मिळून गोव्यातून अरबी समुद्रात जातं. पूर्वेचं पाणी मलप्रभेला. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, हब्बनहट्टीच्या मारुतीला भिजवत खानापूर, असोगा करत सौंदत्तीजवळ नविलुतीर्थच्या धरणात जाते, आणि तिथून कृष्णेतून बंगालच्या उपसागराला. हुबळी-धारवाडच्या नळाला येणारं पाणी त्याच धरणातलं.

आत्तीकडं गावातल्या पाण्याची एक यादी होती. कागदावर नव्हे, तोंडात. पाणी पाच जातीचं, असं ती म्हणायची.

पहिलं देवाचं पाणी. राईतला झरा. तिथं चपला घालून जायचं नाही, भांडं बुडवायचं नाही, फांदी तोडायची नाही. दुसरं पिण्याचं पाणी, म्हणजे वरच्या आळीची विहीर आणि झऱ्याखालची दगडी कुंडी. तिसरं आंघोळीचं आणि धुण्याचं, व्हाळाच्या वळणावर. चौथं गुरांचं, त्याच्या खाली. पाचवं शेताचं, सगळ्यात शेवटी. वरचं पाणी खाली आलं तर चालतं, खालचं काम वर न्यायचं नाही. कुणी नवी सून व्हाळाच्या वरच्या अंगाला कपडे आपटायला बसली तर आत्ती लांबूनच ओरडायची. दंड नव्हता, पोलीस नव्हता. आत्तीचं ओरडणं पुरायचं.

आता गंमत बघा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या नद्यांच्या पाण्याचे असेच पाच वर्ग केलेत. अ वर्ग म्हणजे फक्त निर्जंतुक करून पिता येईल असं. ब म्हणजे आंघोळीचं. क म्हणजे नीट शुद्धीकरण करून पिण्याचं. ड म्हणजे वन्यप्राण्यांचं आणि माशांचं. इ म्हणजे शेतीचं आणि कारखान्यात यंत्र थंड करायचं. आत्तीची यादी आणि ही यादी शेजारी ठेवली तर फार फरक नाही. फरक एकच. आत्तीच्या यादीत प्रत्येक पाण्याला राखणारं माणूस कोण, हेसुद्धा सांगितलेलं होतं.

आमच्या भागाची वर्गवारी सरकारनं काही पहिल्यांदा केलेली नाही. आपण मुंबई इलाख्यात होतो तेव्हा १८७८ चा जंगल कायदा आला. जंगलाचे राखीव, संरक्षित आणि गावाचं असे भाग पाडायची तरतूद झाली. डोंगरउतारावर फिरून फिरून नाचणा पिकवायची आमची कुमरी इंग्रज सरकारनं बंद करत आणली. आजोबा सांगायचे की त्यांच्या आज्याला राखीव म्हणजे काय हे तेव्हा कळलं, जेव्हा गार्डानं कोयता काढून घेतला. म्हणजे आधी रेघ ओढली आणि मग सांगितलं. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

१९५६ ला राज्यं बदलली. आम्ही मुंबईतून म्हैसूर राज्यात गेलो, पुढं त्याचं कर्नाटक झालं. त्या विषयावर इथं पुष्कळ जणांनी लिहिलंय, मी पुन्हा उगाळत नाही. फक्त एवढंच, की गावात येणारा कागद आता बहुतेकांना वाचता येत नव्हता.

मग आलं म्हादईचं पाणी. कळसा आणि भंडुरा हे दोन नाले. त्यांचं पाणी वळवून मलप्रभेत सोडायचं, म्हणजे कोरड्या पडणाऱ्या धरणाला आणि हुबळी-धारवाडला आधार होईल, ही योजना. २००६ ला कणकुंबीत कालव्याचं खोदकाम सुरू झालं. गोव्यानं हरकत घेतली. २०१० च्या नोव्हेंबरात केंद्रानं लवाद नेमला. २०१४ ला लवादानं कालव्याचं तोंड बंद करायला लावलं. खाली नरगुंद-नवलगुंदच्या शेतकऱ्यांनी २०१५ पासून पाण्यासाठी मोठं आंदोलन केलं. त्यांचंही खोटं नव्हतं, त्यांच्या विहिरी खरंच आटल्या होत्या. शेवटी १४ ऑगस्ट २०१८ ला निवाडा लागला. म्हादईच्या खोऱ्यात भरवशाचं पाणी १८८.०६ टीएमसी धरलं. त्यातलं कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३. कर्नाटकाच्या वाट्यातलं मलप्रभेत वळवायचं ते ३.९ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट.

निवाड्याची बातमी आली त्या दिवशी गावातल्या एका भावकीतल्या पोरानं मला विचारलं, "काका, ह्यात आमच्या गावाला किती?" मी म्हटलं, बाबा, आंतरराज्य पाणीतंट्याच्या १९५६ च्या कायद्यात भांडण राज्या-राज्यांचं असतं, गावाचं नसतं. तो म्हणाला, "मग पाऊस कुठल्या राज्यात पडतंय ते सांगा, आमच्याच डोक्यावर पडतंय न्हवं?" मला उत्तर सुचलं नाही.

आता माझ्या चुकीकडं येतो.

पश्चिम घाटाचं काय करायचं हे ठरवायला केंद्रानं मार्च २०१० मध्ये माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली. ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल आला. सगळ्या घाटाचे, कमी-जास्त नाजूकपणाप्रमाणे, तीन वर्ग केले होते. त्यात एक महत्त्वाची गोष्ट होती. ह्या रेषा कच्च्या आहेत, पक्क्या करायच्या त्या ग्रामसभांशी बोलून, असं समितीचं म्हणणं होतं. सगळीकडून ओरड झाली. मग २०१२ मध्ये कस्तुरीरंगन यांचा दुसरा गट नेमला आणि एप्रिल २०१३ मध्ये त्याचा अहवाल आला. त्यांनी उपग्रहाच्या चित्रांवरून नैसर्गिक भाग वेगळा काढला आणि घाटाचा साधारण ३७ टक्के भाग संवेदनशील म्हणून सांगितला. ज्या गावाचा २० टक्के किंवा जास्त भाग त्यात येतो ते अख्खं गाव यादीत. १० मार्च २०१४ ला केंद्राची मसुदा अधिसूचना निघाली. सहा राज्यं, ५६,८२५ चौरस किलोमीटर. कर्नाटकाचा वाटा सगळ्यात मोठा, २०,६६८. खानापूर तालुक्यातली कितीतरी गावं त्यात होती. आमचंही.

हे सगळं मला आज माहीत आहे. तेव्हा मला माहीत होतं ते एवढंच, की एका संध्याकाळी पुतण्याचा फोन आला. "काका, गाव यादीत आलंय. उठवणार म्हणे. शेती बंद. घर दुरुस्त करायलाबी दिल्लीची परवानगी. तुम्ही या."

दुसऱ्या दिवशी पहिली बस धरून गेलो. देवळाच्या सोप्यात शंभरेक माणसं. बाया पण होत्या, मागं भिंतीला टेकून. हातात एक झेरॉक्स, कन्नडमध्ये, कुणी दिलं कुणाला ठाऊक. वाचणारे दोघं, दोघांचा अर्थ वेगळा. शेजारच्या भीमगड अभयारण्याची घोषणा डिसेंबर २०११ ला झाली होती आणि तिथल्या गावांची भीती आमच्या गावानं डोळ्यांनी बघितली होती. त्यामुळं 'संवेदनशील' ह्या शब्दाचा अर्थ सगळ्यांनी एकच लावला. पुढचा नंबर आपला.

मला म्हणाले, मास्तर, अर्ज तुम्ही लिवा. आणि मी लिहिला. मूळ अधिसूचना न वाचता लिहिला. शेती बंद होणार, गाव विस्थापित होणार, आमची संपूर्ण हरकत आहे, सदर यादीतून गाव वगळावं. अक्षर माझं चांगलं, भाषा जोरदार. ऐंशी-नव्वद सह्या आणि अंगठे झाले. टाळ्या पडल्या. मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

आत्ती तेव्हा पंच्याऐंशीच्या पुढं होती. अंगठा द्यायला तिला धरून आणलं. तिनं विचारलं, "ह्यात पाण्याचं काय लिवलंय?"

मी म्हटलं, "पाण्याचं नाही आत्ती, गाव वाचवायचं आहे."

ती म्हणाली, "पाणी सोडून गाव कुठलं वाचवूलालास?" आणि अंगठा दिला. भाच्यानं लिहिलंय म्हणून दिला.

बेळगावला परत आलो आणि दोन महिन्यांनी, सुट्टीत, एका माजी विद्यार्थ्यानं मूळ इंग्रजी अधिसूचना छापून आणून दिली. ती मी दोन रात्री बसून वाचली. बंदी कशाला होती? नवीन खाणी, दगडखाणी, वाळूउपसा. चालू असलेल्या खाणी पाच वर्षांत टप्प्याटप्प्यानं बंद. औष्णिक वीज प्रकल्प. लाल वर्गातले, म्हणजे सगळ्यात जास्त घाण करणारे कारखाने. वीस हजार चौरस मीटरच्या वरची बांधकामं, पन्नास हेक्टरच्या वरच्या वसाहती. आमच्या गावात सगळ्यात मोठं घर पाटलांचं, तेही हजार फुटांचं असेल नसेल. भात आणि नाचणा ह्या बंदीच्या यादीत कुठंच नव्हता. गाव उठवायचं त्यात नव्हतं.

मग ज्याला नुकसान होणार होतं तो कोण? आमच्या गावात तर असा कुणी नव्हता. पण झेरॉक्स वाटणारा कुणीतरी होताच. तो कोण, मला आजही कळलेलं नाही, आणि माहीत नसताना कुणाचं नाव घेणार नाही.

म्हणजे अधिसूचना बरोबर होती का? तसंही म्हणत नाही. आकाशातून चित्र काढून २० टक्क्यांचा हिशोब लावला, गावात येऊन कुणी विचारलं नाही. आमच्या राईतला झरा त्या चित्रात दिसला असेल का? साठ दिवसांत हरकत द्या म्हणाले, आमच्या भाषेत कागद नाही. जो कागद कळत नाही त्याला माणूस हरकतच घेणार. १८७८ ला जसं झालं तसंच. आधी रेघ, मग सांगणं. पण त्या रेघेवर भांडताना मी सत्य तरी सांगायला हवं होतं. मास्तर होतो मी.

त्याच सुमारास गाडगीळ सरांचे मराठीतले लेख वाचायला लागलो. त्यांनी लिहिलं होतं की सिंधुदुर्गात सावंतवाडी-दोडामार्गच्या पंचवीस ग्रामसभांनी ठराव केले, आम्हाला संवेदनशील क्षेत्रात घ्या म्हणून. खाणींपासून डोंगर वाचवायला. आमच्यापासून दोडामार्ग किती लांब? चोर्ला ओलांडला की आलंच. एकाच घाटाच्या दोन अंगांना दोन गावं, एक म्हणतंय आम्हाला घ्या, एक म्हणतंय सोडा. फरक एवढाच, की तिथं लोकांनी वाचून, बसून, चर्चा करून ठरवलं. आमच्याकडं मी एका दुपारी लिहून टाकलं.

पावसाळा संपल्यावर गावात गेलो आणि देवळात सगळ्यांसमोर सांगितलं की माझा अर्ज चुकला. काहींनी समजून घेतलं. एक जण म्हणाला, "मास्तर, आता सांगून काय उपयोग?" बरोबर होतं त्याचं.

मग आम्ही एक काम केलं. वनहक्क कायदा २००६ चं पाचवं कलम वाचलं. त्यात ग्रामसभेला अधिकार दिलाय की आपल्या लगतचं पाणलोट क्षेत्र, पाण्याचे स्रोत आणि संवेदनशील जागा राखल्या जातात की नाही हे बघावं. हा अधिकार हातात होता आणि आम्हाला ठाऊक नव्हता! आत्तीला डोलीत बसवून चार पोरं आणि मी दोन दिवस फिरलो. ती बोट दाखवायची, पोरं वहीत लिहायची. एकोणीस जागा निघाल्या. त्यातल्या सहा कोरड्या पडलेल्या. प्रत्येकीसमोर लिहिलं की पाणी कुठल्या जातीचं, कुठल्या महिन्यापर्यंत राहतं, कोण वापरतं, कोण राखत होतं. धनगरवाड्यावरच्या गवळ्यांना बोलावलं, कारण वरच्या दोन झऱ्यांवर त्यांची म्हसरं जायची आणि त्यांना न विचारता आम्ही 'पिण्याचं' लिहिलं असतं तर पुन्हा तेच पाप झालं असतं. त्यावरून भांडण पण झालं. तिसऱ्या बैठकीत मिटलं. खालची कुंडी गुरांना, वरची माणसांना, आणि कुंडी बांधायला दोघांनी श्रमदान.

शाळेतल्या पोरांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं नकाशा काढला. आत्ती २०१७ साली गेली. नकाशा शाळेच्या भिंतीवर आहे, कडा वाळवीनं खाल्ल्यात.

निपाणीचा माझा एक मित्र, तंबाखूचा जुना शेतकरी, हे ऐकून म्हणाला, "तुमचं बरं हाय, तुमी वर बसलाय. आमाला विचारा खाली बसल्यावर काय होतंय." त्यांची दूधगंगा महाराष्ट्रातून येते. राधानगरी तालुक्यात काळम्मावाडीचं धरण, दोन राज्यांच्या करारातलं. उन्हाळ्यात पाणी कधी सोडणार याकडं डोळे. इचलकरंजीला सुळकूडहून पाणी न्यायचं ठरलं तर कागलपासून खालपर्यंत लोक विरोधात उभे. आणि २०१९ ला, २०२१ ला वेदगंगेचं पाणी यमगर्णीला हायवेवर आलं तेव्हा सगळं ठप्प. तो म्हणाला, "मास्तर, पाणी कमी पडलं की ते सरकारचं, जास्त झालं की आमचं." मी हसलो, पण रात्री झोप लागली नाही.

२०१८ साली देशातल्या नद्यांच्या प्रदूषित पट्ट्यांची यादी निघाली, एकूण ३५१. कर्नाटकातले १७, आणि त्यात आपली मलप्रभा. आत्तीच्या देवाच्या पाण्यातून निघालेली नदी काही कोसांवर त्या यादीत जाते. यादीत यायला तिला कुणी विचारलं नाही, पण यादीतून बाहेर काढायला मात्र काठावरच्या प्रत्येक गावाला हात लावावा लागेल.

३१ जुलै २०२४ ला पश्चिम घाटाचा मसुदा पुन्हा निघाला, सहाव्यांदा. वायनाडला दरड कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशी. पुन्हा साठ दिवस. ह्या वेळी मी कागद आधी वाचला. बेळगावच्या घरी बसून मराठीत उतरवला, सात पानं झाली. गावात गेलो, सोप्यात बसून मोठ्यानं वाचला, जिथं मला कळलं नाही तिथं कळलं नाही म्हणून सांगितलं. एकमत झालं नाही. काही म्हणाले घ्या, पोरं म्हणाली नोकरी-धंदा कुठून येणार, आणि त्यांचंही ऐकायलाच हवं. शेवटी ठरावात ना हरकत लिहिली, ना मान्यता. तीन गोष्टी लिहिल्या. कागद मराठीतही द्या. रेघ ओढायच्या आधी गावात येऊन सोबतच्या नकाशातले एकोणीस झरे बघा. आणि ज्यांच्यामुळं पाणी राखलं जातं त्यांना त्याचा काही मोबदला ठरवा.

त्याच सप्टेंबरात राज्य सरकारनं अख्खा मसुदाच नको म्हणून कळवलं. आमच्या ठरावाला अजून उत्तर नाही. पण ह्या वेळी खालच्या सह्या वाचून केलेल्या आहेत, एवढं समाधान आहे. अंगठे फक्त चार होते. २०१४ ला चाळीसच्या वर होते.

मागच्या मे महिन्यात गेलो होतो. कोरड्या सहांपैकी एका झऱ्याला पाणी आलंय. पोरांनी वरच्या अंगाला दगडांचे छोटे बांध घातलेत आणि तिथं गुरं सोडत नाहीत. पाणी फार नाही. तांब्या भरायला एक बिडी ओढून होते, एवढा वेळ लागतो. मी चपला काढल्या आणि ओंजळभर प्यालो.

तुमच्या गावात अशी कुणी आत्ती, आजी, धनगर मामा असेल तर ह्या सुट्टीत वही घेऊन तिच्याजवळ बसा. झऱ्यांची नावं लिहून घ्या. उद्या कुठलाही कागद आला तर त्याच्याशेजारी ठेवायला आपला एक कागद पाहिजे.